काडेपेटीवरचा छाप आणि अंबरनाथ

१/ अमेरिकेत १८८०च्या दशकात सिगारेटच्या मऊ पाकिटात जाड कागदाचा एक पत्ता घातला जाऊ लागला. सिगारेटी मोडू नयेत, हा त्याचा पहिला उपयोग. त्यावर बेसबॉल खेळाडूचे चित्र आले आणि संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा घेऊ लागले. ते पत्ते आज संग्राहकांचे धन आहेत.

२/ आपल्याकडे चित्राने माल विकला तो काडेपेटीवर. येथे चित्र संग्रहासाठी नव्हते, ओळखीसाठी होते. १९२१च्या जनगणनेनुसार देशात शंभरांत सुमारे सात जणच साक्षर होते. दुकानात नाव नव्हे, छाप सांगितला जाई. म्हणून स्वीडन आणि जपानहून येणाऱ्या पेट्यांवरही हिंदू देवदेवता विराजमान झाल्या. मूळ देशाचे नाव मात्र बारीक अक्षरांत असे.

३/ १९२२ साली सरकारने आयात काडेपेट्यांवरील जकात ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केली. पेटीमागे दोन पै. हेतू महसुलाचा होता. पण परदेशी माल महागताच देशात कारखाने निघू लागले. शिवकाशीचा काडेपेटी उद्योग याच काळातला.

४/ स्वीडिश मॅच कंपनीने यावर सरळ तोड काढली. जकात बंदरावर लागते, तर माल बंदराच्या आतच तयार करावा. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विम्को', स्थापन झाली आणि मुंबईजवळ, रेल्वेमार्गावरच्या अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला.

५/ आता पेटी हिंदुस्थानात बनलेली, कामगार इथले, छापही इथलाच. मालकी तेवढी स्वीडनची. मग ही पेटी स्वदेशी की विदेशी? स्वीडिश कंपनीच्या वर्चस्वाचा प्रश्न टॅरिफ बोर्डापुढेही आला. १९२८ साली बोर्डाने जकात देशी उद्योगाच्या संरक्षणासाठी कायम ठेवण्याची शिफारस केली. त्या संरक्षणाच्या छत्राखाली शिवकाशीचा लहान कारखानदार होता, तशीच अंबरनाथची विम्कोही होती.

६/ जुना छाप हाती आला, तर चित्राआधी त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. माल कोठे बनला, हे ती सांगतात. नफा कोठे गेला, हे शोधायला मात्र जकातीचे दर आणि कंपनीचे कागद उघडावे लागतात. अंबरनाथ पश्चिमेच्या 'विम्को नाक्या'वरून रोज जाणाऱ्यांच्या तोंडी त्या कारखान्याचे नाव आजही आहे. त्या नावामागे दोन पैंची एक जकात उभी आहे.