माणशी अर्धा एकर

१९७३ चा उन्हाळा. पुरंदर तालुक्यातल्या दुष्काळी कामावर तुम्ही खडी फोडताय. हाताला फोड आलेत, डोईवर ऊन आहे, दुपारी मिळेल ती सुकडी. शेजारी घण मारणाऱ्या आबांची बारा एकर जमीन आहे, पलीकडच्या मावशीकडे वीतभरही नाही. पाऊस गेला तसे दोघंही एकाच ढिगाऱ्यावर येऊन बसलेत. पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे अशा कामांवर हिंडतायत, लोकांशी बोलतायत.

वर्षभर पुढे या. नायगावच्या देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन साळुंख्यांनी खंडानं घेतलीय. मुरूम इतका कडक की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. उतारावर बांध पडतायत, खाली पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर. तिथून पाणी उपसून परत वर चढवायचं. हे सगळं तुम्हाला समजतं. तुमचे आजोबाही ताली घालायचे.

अवघड गोष्ट पुढे आहे. १९८० च्या सुमारास तुम्ही साळुंख्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीच्या बैठकीत बसलाय. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातली माणसं मोजून द्यायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. ऊस लावायचा नाही. पाणी आणण्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही.

आबा भडकतात. "बारा एकर माझी, अन् पाणी अडीचला? मग बाकीची काय नुसती बघत बसू?"

तुमच्यापाशीही त्यांना द्यायला उत्तर नाही. पाइपलाइन कुणीही टाकेल. स्वतःच्या रानाला कमी पाणी घ्यायला हात वर करणं, मला वाटतं, शेतकऱ्यासाठी याहून कठीण काम नाही. ते सरकारी हुकमानं झालं नसतं. म्हणून बैठक लांबते, मोडते, पुन्हा भरते. पाळी कशी लावायची, पाटकरी कोण, त्याला पगार किती, सगळं इथंच ठरतं.

मावशी मागून विचारते, "मला रानच नाही. पाणी घेऊन मी करू काय?"

"दुसऱ्याचं रान वाट्यानं कर," कुणीतरी सांगतं. "पाणी तुझं, जमीन त्याची."

आबा मान वळवून तिच्याकडे बघतात. त्यांचं साडेनऊ एकर कोरडं राहणार आहे.

"घरात माणसं किती तुझ्या?" ते विचारतात.


"चार," मावशी म्हणते. "दोन एकराचं पाणी."