मराठी रहस्यकथा : कोडे आणि न्याय

मराठी रहस्यकथेच्या उदयाची मीमांसा करताना बहुधा इंग्रजी ग्रंथांच्या अनुकरणाकडे बोट दाखविले जाते व विवेचन तेथेच थांबते. अनुकरण झाले हे निर्विवाद आहे. परंतु उसने घेणाराही निवड करतो. काय घेतले आणि काय टाकले हे पाहिल्यावाचून या वाङ्मयप्रकाराचे मर्म उमगत नाही.

पाश्चात्त्य हेरकथेचा आरंभ सामान्यतः एडगर ॲलन पो याच्या १८४१ मधील कथेपासून मानतात. १८८७ साली आर्थर कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स अवतरला आणि तर्कनिष्ठ शोध हा तिचा कणा ठरला. या कथेला विशिष्ट समाजस्थितीची अपेक्षा असते. शेजारी कोण राहतो हे ठाऊक नसलेले महानगर, वृत्तपत्रे, पोलीसखाते आणि पुराव्याची छाननी करणारे न्यायालय यांवाचून ती उभी राहत नाही. उलटपक्षी बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीसारख्या गावाची जुनी घडी डोळ्यांपुढे आणावी. पाटील, पटवारी व कोतवाल यांच्या नजरेखालील अशा वस्तीत चोर परका असला तर त्याचा माग काढावा लागे. गावचाच असला तर त्याचे नाव कुजबुजीतून बहुधा कळलेलेच असे. अडचण असे ती साक्षीला कोण उभा राहणार, ही. गुन्हेगार कोण, यापेक्षा त्याला शासन कोण करणार, हाच प्रश्न तेथे जिव्हाळ्याचा. मराठी रहस्यकथेचे केंद्र मुंबई असले, तरी तिचा वाचक केवळ मुंबईचा नव्हता.

या कथेला पूर्वपरंपराही लाभली होती. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी संकटे, कारस्थाने आणि अखेरीस दुष्टांचे पारिपत्य यांची गोडी लावली. गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेल्या कादंबऱ्यांत हीच गोडी अधिक गतिमान झाली. ‘कालिकामूर्ति’ वा ‘इंद्रभुवनगुहा’ वाचणारा वाचक कोडे सोडवावयास बसत नसे. पुढे काय होते, याकडे त्याचे डोळे लागलेले असत.

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या नावापुढे टीकाकारांनी बहुधा आकडाच तेवढा मांडला, ही खेदाची गोष्ट होय. ‘चौकटची राणी’ ही त्यांची आरंभीची कथा एडगर वॉलेसच्या एका कथेवरून घेतलेली आहे. त्या मूळ कथेची नायिका शोधक नसून श्रीमंतांना लुटणारी चतुर चोर आहे, ही निवड सूचक वाटते. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची खरी. पण लोकप्रियता तिच्यापुरती राहिली नाही. झुंजार व विजया यांच्या साहसांवर वाचकांनी तितकेच प्रेम केले, आणि काळा पहाड तर कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच. रॅफल्स (१८९९) व आर्सेन ल्युपँ (१९०५) हे त्याचे सगोत्र. मात्र त्याची धाड काळाबाजारवाल्यांवर व धनदांडग्यांवर पडते. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले होते. धान्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या वाचकाला साठेबाज कोण, हे शोधून सांगण्याची गरज नव्हती.

बंगालीशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश (१९३२) स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. सत्याचे अन्वेषण हे त्याचे ब्रीद. काळ्या पहाडाचे ब्रीद झडती घेण्याचे नसून झडप घालण्याचे आहे.

अर्नाळकरांमागून गुरुनाथ नाईक यांनीही विपुल लेखन केले. त्यांचे निधन २०२१ मध्ये झाले. मध्यंतरी दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली आणि पुस्तके भाड्याने देणारी वाचनालये ओस पडली.

वरील प्रतिपादनाची कसोटी मूळ पुस्तकांवरच लागेल, आणि अडचण नेमकी तेथे आहे. स्वस्त कागदावरील ही पुस्तके हातोहात फिरून झिजली. ‘निवडक बाबूराव अर्नाळकर’ हा संग्रह उपलब्ध आहे, तथापि निवड ही निवडणाऱ्याच्या अभिरुचीची साक्ष होय. सहस्र कथांपैकी किती कोड्याच्या व किती पारितोषाच्या, म्हणजे न्याय मिळाल्याच्या समाधानाच्या, हे मोजावयाचे तर बंद पडलेल्या वाचनालयांचे गठ्ठे रद्दीत जाण्यापूर्वी गाठावे लागतील.