रिकाम्या रकान्याचा इतिहास

अमेरिकेंतील एखाद्या नामांकित सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जांत एक रकाना असा असतो, कीं ज्याचा गुणपत्रिकेशीं कांहींच संबंध नाहीं. वर्गाबाहेरचा वेळ तुम्हीं कसा घालविलात, हें त्यांत लिहावयाचें असतें. कोणी वक्तृत्वमंडळाचा अध्यक्ष असतो, कोणी पोहण्याच्या शर्यती जिंकलेल्या असतात, कोणी व्हायोलिन वाजवितो. ज्याच्यापाशीं असें सांगण्याजोगें फारसें नसतें, त्याला हा रकाना गणिताच्या कोणत्याहि प्रश्नाहून अवघड वाटतो. गुण उत्तम, पण रकाना रिकामा. मग दार उघडेल काय? वरवर पाहतां ही एका विद्यार्थ्याची विवंचना आहे. परंतु तिच्यामागें शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून रिकाम्या रकान्याचा खरा अर्थ लागत नाहीं.

राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या आरंभकाळीं हा रकाना नव्हता. मिशिगन विद्यापीठानें १८७१ सालीं चांगल्या माध्यमिक शाळा स्वतः पाहून, त्यांच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थी घेण्यास सुरुवात केली. निराळी प्रवेशपरीक्षासुद्धां ठेविली नाहीं. कॅलिफोर्नियाचें विद्यापीठ १८६८ सालीं स्थापन झालें. पुढें १९६० सालच्या त्या राज्याच्या प्रसिद्ध योजनेनें असें ठरविलें, कीं माध्यमिक शाळा संपविणाऱ्यांपैकीं वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना ह्या विद्यापीठांत जागा मिळावी. ह्या व्यवस्थेंत विद्यार्थ्याला विचारलें जाई तें इतकेंच : नेमलेले विषय शिकलास काय, आणि ते कसे शिकलास? कर देणारा मनुष्य शेतकरी असो वा सावकार, त्याच्या मुलाला एकच माप लागावें, ही त्यामागील भावना होती.

मग हा रकाना आला कोठून? तो आला पूर्वेकडील खासगी विद्यापीठांतून, आणि त्याची जन्मकथा फारशी गौरवाची नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हार्वर्डमध्यें परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास सामान्यतः प्रवेश मिळे. पूर्व युरोपांतून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांचीं मुलें त्या परीक्षांत चमकूं लागलीं, आणि १९२२ च्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांत त्यांचें प्रमाण एक-पंचमांशाच्या घरांत गेलें. अध्यक्ष लॉवेल ह्यांनीं त्यांच्या संख्येला उघड मर्यादा घालण्याचा घाट घातला. पण १९२३ सालीं समितीनें ती सूचना नाकारली. जें उघडपणें साधलें नाहीं तें १९२६ सालीं आडवाटेनें साधण्यांत आलें. वर्गाची संख्या बांधून टाकण्यांत आली, आणि विद्वत्तेबरोबर ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ व छायाचित्र ह्यांनाहि अर्जांत स्थान मिळालें. गुणांची बेरीज कोणालाहि तपासतां येते. व्यक्तिमत्त्वाची बेरीज मात्र द्वारपालाच्या मनांत होते. हाच तिचा सोयीस्करपणा होता.

तथापि ह्या कल्पनेंत सर्वच लबाडी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९०२ सालीं निवर्तलेल्या सेसिल ऱ्होड्सनें आपल्या मृत्युपत्रांत शिष्यवृत्तीसाठीं विद्वत्तेच्या जोडीला मैदानी खेळ आणि नेतृत्व ह्यांचीं लक्षणें मागितलीं होतीं. केवळ पुस्तकी किडे नकोत, हा त्याचा आग्रह पुष्कळांना पटण्यासारखा होता. परीक्षेंत न दिसणारे गुण मनुष्यांत असतात, हें कोण नाकारील? वाद आहे तो एवढाच, कीं ते पाहावयाचे कोणीं, कोणत्या डोळ्यांनीं आणि कोणाच्या आयुष्यांत?

सार्वजनिक विद्यापीठांनीं ही पद्धति उचलली ती जागांच्या टंचाईमुळें. राज्याची लोकसंख्या वाढली, पण बर्कली आणि लॉस एंजेल्स येथील आवार तेवढेंच राहिलें. विद्यापीठांत कोठें तरी जागा मिळणें निराळें आणि ह्या दोन ठिकाणीं मिळणें निराळें. १९९५ सालीं तेथील नियामक मंडळानें असा नियम केला, कीं प्रत्येक ठिकाणच्या निम्म्याहून कमी नव्हेत व तीन-चतुर्थांशाहून अधिक नव्हेत इतक्या जागा केवळ अभ्यासावर भराव्या. २००१ सालच्या नोव्हेंबरांत तो नियमहि गेला आणि प्रत्येक अर्ज समग्र वाचून निवड करण्याची पद्धति आली. २०२३ च्या शरद्‌सत्रासाठीं लॉस एंजेल्सकडे सुमारें १ लाख ४५ हजार नवे अर्ज आले आणि दर शंभरांत सुमारें ९ स्वीकारले गेले. एवढ्या गर्दींत उत्तम गुणांचेच विद्यार्थी इतके, कीं त्यांतून वेंचण्यास दुसरें कांहीं लागतेंच.

हें ‘दुसरें कांहीं’ किती वजनाचें? मिशिगन विद्यापीठाच्या जुन्या कोष्टकावरून त्याचा अंदाज येतो. न्यायालयांत दावा गेल्यामुळें तें जगजाहीर झालें. एकंदर १५० गुण. त्यांपैकीं शाळेंतील अभ्यासाला ८० पर्यंत, प्रमाणित परीक्षेला १२ पर्यंत, आणि नेतृत्वाला वा कलेंतील असामान्य कामगिरीला फार तर ५! निवडलेल्या खेळाडूला मात्र एकदम २० गुण मिळत. वंशासाठीं सरसकट २० गुण देण्याच्या प्रथेमुळें २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती पद्धति रद्द ठरविली, आणि प्रत्येक अर्ज वेगवेगळा वाचण्याचा मार्ग मोकळा राहिला. परिणाम असा झाला, कीं रकान्याचें वजन पूर्वीं निदान छापील तरी होतें. आतां तें वाचणाऱ्याच्या विवेकावर गेलें.

टेक्सासनें ह्याच सुमारास निराळी वाट धरली. १९९७ च्या कायद्यानें प्रत्येक माध्यमिक शाळेंतील वरच्या एक-दशांश विद्यार्थ्यांना राज्याच्या कोणत्याहि सार्वजनिक विद्यापीठाचें दार उघडें झालें. खेड्यांतील शाळा आणि धनिक वस्तींतील शाळा ह्यांना एकच न्याय. रकान्याची पृच्छाच नाहीं. पण ऑस्टिनच्या विद्यापीठांत ह्याच वाटेनें इतकी गर्दी झाली, कीं २००९ सालीं कायद्याला मर्यादा घालावी लागली, आणि २०२६ च्या शरद्‌सत्रासाठीं त्या विद्यापीठापुरता तो दशांश शेंकडा ५ वर आला. उरलेल्या जागांसाठीं पुन्हां समग्र वाचन आहेच. तात्पर्य, साधें माप टंचाईपुढें फार काळ टिकत नाहीं. आणि गुंतागुंतीचें माप ज्याच्या हातीं सवड व पैसा आहे त्याला अनुकूल होतें.

ह्याचा दाखला कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनीं २०२० सालीं दिला. सहा वर्षांच्या काळांत त्या विद्यापीठाच्या चार ठिकाणीं ६४ विद्यार्थी ओळखीपाळखीनें घेतले गेल्याचें त्यांना आढळलें; त्यांतील कित्येकांना खेळाची फारशी गति नसतां खेळाडू म्हणून आंत घेतलें होतें. संख्या लहान आहे. पण फसवणूक गणिताच्या गुणांतून न शिरतां रकान्याच्या फटींतून शिरली, हें विसरून चालणार नाहीं.

आपल्याकडील वाचकाला हें सर्व विचित्र वाटेल. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडनच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून; १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेंतून माधवराव रानडे पुढें आले. गुण हेंच प्रवेशाचें चलन, ही समजूत महाराष्ट्राच्या हाडींमासीं खिळली आहे. म्हणून अमेरिकेला मुलगा किंवा मुलगी पाठवूं पाहणारे आईबाप रिकामा रकाना पाहून घाबरतात, आणि शेवटच्या वर्षीं दोनचार मंडळांची सभासदत्वें गोळा करण्याची घाई करतात. ही घाई इतिहासाचा धडा उलटा वाचण्यासारखी आहे.

कारण सार्वजनिक विद्यापीठांनीं उसना आणलेला हा रकाना तसाच्या तसा ठेवलेला नाहीं. कॅलिफोर्नियाच्या अर्जांत २० पर्यंत नोंदी करतां येतात, आणि त्यांत मजुरीचें काम खेळाइतकेंच नोंदण्याजोगें मानलें आहे. ३५० शब्दांच्या उत्तरांसाठीं जे आठ प्रश्न असतात, त्यांतून चार निवडावयाचे. त्यांतील नेतृत्वाविषयींच्या प्रश्नांत विद्यापीठच सुचवितें, कीं घरच्या माणसांची काळजी वाहणें हेंहि नेतृत्व असूं शकतें. ज्या मुलीनें शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळलें, ज्या मुलानें संध्याकाळीं दुकानाच्या गल्ल्यावर बसून घरभाड्याला हातभार लावला, त्यांचा रकाना वस्तुतः कधींच रिकामा नव्हता. तो वाचण्याची भाषा मात्र द्वारपालांपाशीं नव्हती. आणि पुष्कळदां ती त्या मुलांपाशींहि नसते. घरचें काम ‘काम’ म्हणून लिहावयाचें असतें, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. कॅडेट, क्रीडा, नाट्य हे शब्द शाळेनें शिकविलेले असतात, पण चुलीशीं व दुकानांत गेलेल्या तासांना नांव दिलेलें नसतें.

म्हणून ज्याच्यापाशीं उपक्रम थोडे आहेत, त्यानें प्रथम अभ्यास सांभाळावा, कारण मिशिगनच्या कोष्टकांतील ८० आणि ५ हें प्रमाण तेव्हांपुरतें असलें तरी त्याचा रोख खरा आहे. मग आपल्या दिवसाचे तास खरेपणानें मांडावे. विद्यापीठांचें कर्तव्य मात्र ह्याहून मोठें आहे. लोकांच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थेनें आपलें माप लोकांना दाखविलें पाहिजे : कोणत्या गोष्टी मोजल्या जातात, त्यांना किती वजन आहे, आणि ज्याला सवडच मिळाली नाहीं त्याची सवड कशी मोजावयाची. १९२६ सालीं जें माप झांकून ठेवण्यासाठीं घडविलें गेलें, तें उघडें ठेवूनच त्याचा पूर्वीचा दोष जाईल.