हलव्याचा काटा : तीळ, पाक आणि एका तंत्राचा इतिहास

#थ्रेड

१/९
संक्रांतीचा हलवा हा मराठी घरांतील बहुधा सर्वांत संथ पदार्थ. त्याला भट्टी नको, तळण नको, साचाही नको. तीळ, साखर, मंद धग आणि माणसाची बोटे एवढ्यावर तो तयार होतो. या इवल्या दाण्याचे भाईबंद मात्र इंग्लंडपासून जपानपर्यंत आढळतात.

२/९
प्रथम कृती. पाकात थोडे दूध घालून साखरेची मळी काढतात. परातीत तीळ, खसखस, साबुदाणा किंवा लवंगा घेऊन ती मंद शेगडीवर ठेवतात. चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी दाणे हलवत राहायचे, ते कोरडे झाले की पुन्हा चमचाभर. हे काम काही दिवस चालते. पाक अधिक पडला तर गोळे होतात. धग वाढली तर शुभ्रपणा जातो.

३/९
मग काटा कसा येतो? पाक दाण्यावर सर्वत्र सारखा बसत नाही. जेथे किंचित उंचवटा होतो, तेथे पुढचा पाक अधिक लागतो आणि वाळतो. थरावर थर चढत उंचवट्याचा काटा होतो. पौषातील थंड, कोरडी हवा या कामी साह्य करते. दमट हवेत साखर ओलावा धरते.

४/९
युरोपात बियांवर व मसाल्यांवर साखर चढविण्याची कला औषधविक्रेत्यांच्या हाती वाढली. पचनासाठी जेवणानंतर असे दाणे खात. आपल्याकडील साखर चढविलेली बडीशेप आठवावी. १७व्या शतकाच्या आरंभी ह्यू प्लॅट या इंग्रज लेखकाने ‘डिलाइट्स फॉर लेडीज’मध्ये ही रीत लिहून ठेवली : निखाऱ्यांवर टांगलेले भांडे, थोडाथोडा पाक, हाताने ढवळणे. खडबडीत दाण्यांची कृतीही त्यात आहे.

५/९
१५६९ मध्ये पोर्तुगीज धर्मप्रचारक लुईश फ्रोइश याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या पात्रातून ‘कॉन्फेइतो’ भेट दिले. त्याचेच जपानी रूप ‘कोंपेइतो’, तोही काटेरी. इहारा साइकाकूच्या १६८८च्या कथासंग्रहात हे गुपित शोधणाऱ्या नागासाकीच्या माणसाची कथा येते. गुपित काय, तर आरंभ तिळापासून करायचा!

६/९
म्हणून हलवा पोर्तुगिजांनी आणला, असे म्हणावे काय? तसे ठरत नाही. ‘हलवा’ हा शब्द अरबी आहे, ‘शुगर’चे मूळ संस्कृत ‘शर्करा’त आहे आणि ‘कॉन्फेइतो’ लॅटिन वळणाचा. शब्द, वस्तू आणि तंत्र निरनिराळ्या वाटांनी प्रवास करतात. तंत्रातील साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे.

७/९
मराठी परंपरेचे वेगळेपण हलव्याच्या उपयोगात आहे. नववधूला पहिल्या संक्रांतीस काळ्या वस्त्रावर हलव्याचे दागिने घालतात. लहानग्यांच्या बोरन्हाणात बोरे, उसाचे करवे, कुरमुरे यांसह हलवा डोक्यावरून ओततात आणि जमलेली मुले तो वेचतात. येथे मूल हेच उत्सवमूर्ती असते.

८/९
या शुभ्र दाण्यामागे चटके सोसणारी बोटे होती. घरातील कष्टाची कामे विधवांच्याही वाट्याला येत. हळदीकुंकवात मात्र त्यांना स्थान नव्हते. इंग्लंडात ही कृती ग्रंथात आली, जपानात तिची कथा झाली. आपल्याकडे ती मुख्यतः हातांतून हातांत गेली. त्या हातांची नावे इतिहासात नाहीत.

९/९
१९व्या शतकात युरोपात फिरती यांत्रिक भांडी आली. चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांवरील कवच आजही त्याच तत्त्वाने चढते. हलवाही आता बहुतेक घरांत विकतच येतो. तरी एक काम अजून मुलांजोगते आहे : विस्तवाजवळ न जाता, हलव्याचे दाणे दोऱ्याने गुंफून दागिने करणे. ते करताना काटा कसा येतो, हे मुलांना अवश्य सांगावे. आणि तो कोणाच्या बोटांनी आणला, हेही.