बिने यांची मोजपट्टी

पहिल्या इयत्तेत बसलेले मूल पुढे कितपत शिकेल, हे अगोदर सांगता येईल काय? हा प्रश्न शास्त्राच्या दारी आला तो पॅरिसमध्ये, आणि आला तोही निराळ्याच वेषात. 1882 च्या कायद्याने फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. एरवी शाळेकडे न फिरकणारी मुलेही आता वर्गात आली, आणि त्यांतल्या काहींना शिकवलेले उमजेना. ही मुले आळशी, खोडकर, की खरोखरच मंद? हा निवाडा शिक्षकाच्या मर्जीवर सोपवणे धोक्याचे होते. 1904 साली सरकारने त्यासाठी समिती नेमली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने तिचे एक सभासद होते.

बिने यांनी पूर्वी मुलांची डोकी मोजून पाहिली होती. हुशार आणि मागासलेल्या मुलांत नाव घेण्याजोगा फरक आढळेना, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. (विद्वानांना हे सहसा साधत नाही!) मग 1905 साली थिओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरांसह त्यांनी तीस कसोट्यांची मोजपट्टी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला भेद कळतो का, येथून आरंभ. पुढे ऐकलेले आकडे परत म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगणे. 1908 साली या कसोट्या वयाप्रमाणे लावल्या गेल्या.

बिने यांच्या लेखी मात्र हे भविष्यकथन नव्हते. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, या मताचा त्यांनी 1909 च्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांत पुतळ्यांचा एक खेळ असे. खूण होताच सर्वांनी आहे त्या स्थितीत निश्चल राहायचे. प्रथम हसू फुटे, तोल जाई. सरावाने तीच मुले अधिक काळ स्थिर राहू लागत. अवधानही असेच वाढवता येते, एवढेच बिने यांना दाखवायचे होते.

1911 साली ते वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची रीत सुचवली, आणि 1916 साली अमेरिकेत लुईस टर्मन यांच्या हातून 'बुद्ध्यंक' रूढ झाला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी जुळवून घेतली. त्यांचा ग्रंथ 1940 साली निघाला.

टर्मन यांना तर भविष्यच हवे होते. 1921 पासून कॅलिफोर्नियातील हजारावर हुशार मुले निवडून त्यांनी आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. ती मुले एकंदरीत चांगली शिकली, यात शंका नाही. परंतु त्यांतल्या एकालाही नोबेल पारितोषिक लाभले नाही. त्याच निवडीत गुण कमी पडून वगळले गेलेले विल्यम शॉक्ली 1956 साली आणि लुई अल्वारेझ 1968 साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.