बालदम्याची प्रतिबंधक औषधे : तुलनेचा इतिहास

पार्श्वभूमी
भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. नोकरीनिमित्त तेथे आलेल्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या काळी दमेकरी मुलाला झटका येऊच नये म्हणून रोज निर्धास्तपणे देता येईल असे औषध भिलाईतच काय, जगात कुठेच नव्हते. एफेड्रिन आणि थिओफिलिन श्वासनलिका सैल करीत. स्टेरॉइडच्या गोळ्या गुणकारी होत्या, पण दीर्घकाळ दिल्यास मुलांची वाढ खुंटे. ‘स्टेरॉइड’ या शब्दाची पालकांना वाटणारी धास्ती इथली आहे.

दोन नवे पर्याय
स्वतः दमेकरी असलेले ब्रिटनमधील डॉक्टर रॉजर अल्टूनियन यांनी अनेक संयुगे स्वतःवर तपासली. त्यातून १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. ते सुरक्षित होते, पण दिवसातून अनेकदा ओढावे लागे. १९७२ मध्ये हॅरी मॉरो ब्राउन यांनी बेक्लोमेथासोन या श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने अत्यल्प मात्रा पुरे. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७० च्या दशकात दम्याचे पंप आणले.

तुलना
वाढीची शंका मात्र उरली. तिचे उत्तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅम्प’ चाचणीने दिले. अमेरिका आणि कॅनडातील ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांना बुडेसोनाइड, क्रोमोग्लायकेटच्या जवळचे नेडोक्रोमिल किंवा औषधविरहित पंप देऊन ४ ते ६ वर्षे पाहण्यात आले. दमा सर्वांत चांगला आटोक्यात राहिला तो बुडेसोनाइडने. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंगही घटले. या मुलांची उंची औषधविरहित गटापेक्षा सरासरी १.१ सेंमी कमी वाढली. २०१२ च्या पाहणीत, ती मुले प्रौढ झाल्यावरही, हा फरक १.२ सेंमी होता. म्हणजे तो भरून निघाला नाही, पण वाढतही गेला नाही. तथापि औषध थांबवल्यावर फुप्फुसांची क्षमता कायमची सुधारलेली दिसली नाही. स्टेरॉइड दमा काबूत ठेवते, मुळातून काढत नाही.

१९९८ पासून मॉन्टेलुकास्टची गोळी मिळू लागली. देण्यास ती सोपी. पण २००७ च्या ‘पॅक्ट’ चाचणीत फ्लुटिकासोनचा पंप तिच्यापेक्षा सरस ठरला. मनःस्थितीवरील दुष्परिणामांमुळे २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या गोळीबाबतचा इशारा अधिक कडक केला.

सारांश
‘पंपाने उंची खुंटेल का?’ या प्रश्नाला आता आकड्यात उत्तर आहे : सुमारे एक सेंटिमीटर. त्याच्या दुसऱ्या बाजूला टळलेले गंभीर झटके आहेत. म्हणून बालरोगतज्ज्ञ दमा आटोक्यात राहील इतकीच किमान मात्रा देतात आणि मुलाची उंची नियमित मोजतात. भीतीपोटी पंप परस्पर बंद करणे हाच मोठा धोका आहे.