वरची खाली, खालची वर

उत्सर्जन संस्थेची आकृती फळ्यावर काढताना आपण दोन मूत्रपिंडे, त्यांतून निघणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या आणि खाली एक मूत्राशय काढतो. पण शंभरातील सुमारे एका व्यक्तीच्या बाबतीत ही आकृती चुकते. तिच्या एका किंवा दोन्ही मूत्रपिंडांतून प्रत्येकी दोन मूत्रवाहिन्या निघतात. कधी त्या वाटेतच एकमेकींना मिळतात. हे अपूर्ण द्विगुणन. कधी शेवटपर्यंत वेगळ्या राहून स्वतंत्र तोंडांनी उघडतात. हे पूर्ण द्विगुणन. बहुतेकांना याचा त्रास होत नाही, त्यामुळे ते कळतही नाही.

पूर्ण द्विगुणनात कोणती वाहिनी कोठे उघडते? वरच्या भागाची वर आणि खालच्या भागाची खाली, असे आपल्याला वाटेल. घडते नेमके उलटे. वरच्या भागाची वाहिनी खाली व मध्याकडे उघडते, तर खालच्या भागाची वर व बाहेरच्या बाजूला. ब्रेस्लाउचे (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) विकृतिशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांनी 1877 साली मूत्रवाहिन्यांच्या रचनादोषांवर लेख लिहिला. 1907 साली बर्लिनच्या रॉबर्ट मायर यांनी या विषयाला भ्रूणविज्ञानाची जोड दिली. म्हणून हा ‘वायगर्ट-मायर नियम’.

या उलट्या क्रमाचे कारण भ्रूणात आहे. तेथे वुल्फ नलिका नावाची एक नळी असते. तिला फुटलेल्या अंकुरापासून मूत्रवाहिनी बनते. एकाऐवजी दोन अंकुर फुटले, तर खालचा अंकुर मूत्राशयाच्या जवळ असल्याने तेथे आधी पोचतो. मूत्राशय वाढते तसे त्याचे तोंड वर आणि बाहेर सरकते. वरचा अंकुर मात्र नलिकेला चिकटून तिच्याबरोबर खाली ओढला जातो.

कधी हा वरचा अंकुर मूत्राशयापर्यंत पोचतच नाही. अशी वाहिनी मुलग्यांमध्ये मूत्र रोखणाऱ्या स्नायूच्या वरच उघडते, म्हणून त्यांची लघवी गळत नाही. मुलींमध्ये मात्र ती त्या स्नायूच्या खाली किंवा योनिमार्गात उघडू शकते. अशी मुलगी इतरांप्रमाणेच वेळेवर लघवीला जाते, तरीही तिचे कपडे दिवसरात्र थोडे ओले राहतात. घरी तिला आळशी म्हणतात, वर्गात मुली दूर बसतात, आणि आपणही कधी रागावतो. दोष तिच्या सवयीत नसून वाहिनीच्या तोंडात असतो आणि तो शस्त्रक्रियेने दूर करता येतो.

पूर्वी अशा दोषांना निरनिराळे डॉक्टर निरनिराळी नावे देत. 1984 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या समितीने एकसारखी परिभाषा सुचवली. वर्गीकरणाचा उपयोग तो हाच. वाहिन्या मिळतात की वेगळ्या राहतात, तोंड मूत्राशयात आहे की बाहेर, एवढे ठरले की पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

मायर यांची कहाणी येथेच संपत नाही. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली. 1939 साली पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते अमेरिकेला गेले आणि 1946 साली त्यांनी मूत्रवाहिनीच्या वाढीवर पुन्हा लेख लिहिला. वुल्फ नलिकेचा शेवटचा तुकडा मूत्राशयाच्या भिंतीत सामावून जातो, असे त्या काळी मानत. 2005 साली उंदरांच्या भ्रूणांवरील संशोधनात दिसले की त्या तुकड्यातील पेशी मरून जातात आणि त्यामुळे मूत्रवाहिनी मोकळी होते. म्हणजे स्पष्टीकरण बदलले. नियमालाही काही अपवाद सापडले आहेत, पण एकूण क्रम टिकून आहे. निरीक्षण आणि त्याचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आणि एखादी मुलगी नीट लघवीला जात असूनही सतत ओली दिसली, तर रागावण्याआधी तिच्या आईशी एकांतात बोलावे आणि डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. कारण प्रत्येक वेळी हेच असेल असे नाही, पण ते शोधलेच पाहिजे.